बंदरावरच्या सिस्टर मालतीबाई सुर्वे

मालतीबाई सुर्वे यांची व माझी पहिली भेट भांडणाने झाली, हे आरंभीच नमूद करतो. त्या वेळी मी येथील रुग्णालयात परिचर होतो. काचेच्या सिरिंजा व सुया उकळून देणे हे माझे काम. ते मी सत्तावीस वर्षे केले. माझे शिक्षण चौथी इयत्तेपर्यंतचे. परंतु माझ्या कामात चूक दाखविण्याची वेळ तोवर कोणावर आली नव्हती. बाई नव्याने बदलून आल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी माझे तबक परत पाठविले.

“रघुनाथराव, वीस मिनिटं कधीपासून धरता? भांडं चढवल्यापासून की उकळी आल्यापासून?”

“उकळी आल्यापासूनच, सिस्टर.”

“मग आज उकळी फारच लवकर आली म्हणायची.”

त्या दिवशी सात मिनिटे कमी पडली होती आणि ते मला ठाऊक होते. मी तबक पुन्हा चढविले. राग मात्र आठ दिवस राहिला. राग उतरल्यावर लक्षात आले की, त्या इमारतीत मला ‘रघुनाथराव’ म्हणणाऱ्या त्या पहिल्याच. बाकी सर्वांचा मी ‘ए रघू’ होतो.

बाईंच्या रुग्णालयातील सेवेविषयी या गौरवग्रंथात इतरांनी लिहिले असेलच. मी लिहिणार आहे ते त्यांच्या निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांविषयी, कारण त्याबद्दल गावात उघडपणे बोलले जात नाही.

बंदरावर बर्फाच्या कारखान्यामागे जाळी दुरुस्त करण्याची एक शेड आहे. तेथे काही खलाशी व मुंबईहून परतलेले काही तरुण गर्द घेण्यासाठी जमत. आधी ते धुराने घेत. पुढे सुईने घेऊ लागले. गाव त्यांना गर्दुल्ले म्हणते. त्यांत माझा मुलगा होता. तो मुंबईस गोदीत कामाला होता. हे व्यसन घेऊन परत आला. मी त्याला घरात घेतले नाही. पत्नी आधीच निवर्तली होती, त्यामुळे मला अडविणारे कोणी नव्हते. त्यानंतर घरात माझ्या स्वयंपाकाखेरीज कसलाही आवाज उरला नाही.

त्याच सुमारास एड्स या नव्या रोगाची बातमी वर्तमानपत्रांत येऊ लागली. तो परदेशातला आहे, फार तर मुंबईपर्यंत येईल, असे आमचे लोक म्हणत. बाई म्हणाल्या, “सुई एक आणि माणसं चार. एकाकडे पाहुणा आला की चौघांकडे जेवून जाणार.” एवढे बोलून त्या मलमपट्टीची पिशवी घेऊन बंदरावर जाऊ लागल्या.

पहिला महिनाभर त्यांनी तेथे फक्त जखमा धुतल्या. कोणाला नाव विचारले नाही, की उपदेश केला नाही. बाजारात एका दुकानदाराने त्यांना टोकले, “सिस्टर, रिटायर झाल्यावर लोक काशीला जातात, तुम्ही गर्दुल्ल्यांकडे जाता!” बाई हसून म्हणाल्या, “काशीला गर्दी फार हो. इथे बसायला जागा मिळते.”

पुढे त्यांनी ओळखीच्या डॉक्टरांकडून काचेच्या जुन्या सिरिंजा मागून आणल्या आणि प्रत्येकाला एकेक दिली. आपली कोणती हे कळावे म्हणून तिच्या डबीला जाळ्याचा नायलॉनचा दोरा बांधला. कोणाला लाल, कोणाला हिरवा, कोणाला निळा. दुसऱ्याची घ्यायची नाही, आपली द्यायची नाही, आणि दर वेळी उकळायची, एवढेच त्यांचे सांगणे. एकाने विचारले, “बाय, सोड म्हनून नाय सांगनार?” त्या म्हणाल्या, “ते तुला रोज अख्खं गाव सांगतं. सोडायचं ठरवलंस की माझ्याकडे ये, मी बरोबर येईन. तोवर जिवंत राहा.”

एके दिवशी दुपारी बाई माझ्या दारी आल्या. निवृत्तीनंतर माझ्याकडे कोणी येत नसे; मी गडबडीने सदरा चढविला. त्यांनी रुमाल सोडून पुढे ठेवला. त्यात तडकलेल्या काचेच्या तीन नळ्या होत्या. मी एक उचलून पाहिली.

“दट्ट्या आत ठेवून उकळली आहे.”

“तेच. मी ‘उकळा’ म्हणाले, ‘सुटी करून उकळा’ म्हणाले नाही. तिघांच्या फुटल्या. आता चौघं मिळून एकच वापरतात. चूक माझी आहे, रघुनाथराव.”

इतक्या वर्षांत कोणत्याही वरिष्ठाने माझ्यासमोर आपली चूक कबूल केलेली नव्हती. त्या म्हणाल्या, “आणखी सिरिंजा मिळवते. पण उकळायचं कसं ते तुम्ही दाखवा. तुमच्याइतकं कुणाला येत नाही.”

“मी जन्मभर उकळलं ते आजारी माणसांसाठी.”

“मग हे कोण आहेत?”

ती शिल्लक राहिलेली एक सिरिंज कोणती, हे मी विचारले. निळ्या दोऱ्याची, असे त्या म्हणाल्या. निळा दोरा कोणाचा, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेले धोतर नेसून शेडमध्ये गेलो. चौघे बसले होते. निळ्या दोऱ्याची डबी माझ्या मुलाच्या मांडीवर होती. त्याने मला पाहिले व मान खाली घातली. मीही ओळख दाखविली नाही. रॉकेलचा स्टोव्ह पेटविला, भांड्याच्या तळाशी फडके घातले, म्हणजे काच आपटत नाही. दट्ट्या, नळी व सुई सुटी करून गार पाण्यात बुडविली आणि मगच भांडे चढविले. उकळी आल्यावर घड्याळ पाहिले. सगळे भांड्याकडे पाहत बसले. अखेर एक खलाशी म्हणाला, “काय वो मास्तर, मीठ-मसाला नाय टाकायचा काय?” सगळे हसले. माझा मुलगाही हसला. तो हसताना आईसारखा दिसतो, हे मी विसरून गेलो होतो.

नंतर प्रत्येकाकडून करून घेतले. मुलाची पाळी आली तेव्हा त्याने नळी भांड्यात उभी धरली. “नळी आडवी ठेव,” मी म्हणालो. त्याने ठेवली. घराबाहेर काढल्यापासून मी त्याच्याशी बोललेले ते पहिले वाक्य.

मी दर मंगळवारी जाऊ लागलो. आम्हा दोघांचे बोलणे उकळीपुरतेच असे. “आली?” “आली.” एवढेच. त्यावरही मी आठवडा काढीत असे.

काही महिन्यांनी बाईंनी चौघांच्या संमतीने एड्सच्या तपासणीसाठी रक्ताचे नमुने घेतले. कारखान्यातला बर्फ थर्मासमध्ये भरून, तो मांडीवर घेऊन, त्या स्वतः एस.टी.ने मुंबईस गेल्या. उत्तर आले असे कळताच मी त्यांच्या घरी गेलो. त्या अंगणात तांदूळ निवडीत होत्या.

“काय आलं?”

“बसा, रघुनाथराव. चहा टाकते.”

“सिस्टर, मी बाप आहे त्याचा.”

“आहात. पण रक्त त्याचं आहे. सांगायचं की नाही ते तो ठरवेल.”

“इतकी वर्षं तुमच्या हाताखाली इमानाने काम केलं. त्याची एवढीच किंमत?”

“उद्या कुणी तुमच्याबद्दल विचारलं, तरी त्याला हेच उत्तर मिळेल.”

मी चहा न घेता उठलो. त्यानंतर चार महिने बाईंशी बोललो नाही. मंगळवारी त्या येऊन गेल्यावर मी जात असे. ज्या एका माणसाशी बोलणे होते, तेही मी माझ्या हाताने थांबविले. त्या चार महिन्यांत शेडमधली माणसे चाराची नऊ झाली. नव्याने आलेल्या एकाला मी विचारले, तू येथे कसा? तो म्हणाला, “हितली गोष्ट हितंच ऱ्हाते, म्हनून आलो.” हे ऐकून मला माझ्या रागाची लाज वाटली. बाईंना मात्र तसे सांगितले नाही. ते आज येथे सांगतो.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी मुलगा फाटकाशी येऊन उभा राहिला.

“आत येव?”

“ये.”

तो पडवीत बसला. पाणी प्यायला. “बाईंनी सांगितलंन नाय ना तुमाला?” त्याने विचारले. “नाही,” मी म्हणालो. मग त्याने स्वतः सांगितले.

काय सांगितले ते मी येथे लिहिणार नाही. हा लेख लिहिण्यापूर्वी मी त्याला विचारले होते. तो म्हणाला, “लिवा. तेवढं सोडून लिवा.” त्याच्या शब्दाप्रमाणे मी वागत आहे.

तो आता एका लाँचवर कामाला आहे. महिन्यातून दोनदा येतो, जेवतो, पडवीत झोपतो व जातो. इतर दिवशी घर पूर्वीसारखेच असते. फरक इतकाच की, आता माझ्याजवळ एक गोष्ट आहे आणि ती कोणापाशीही बोलता येत नाही. अशा वेळी मी बाईंच्या अंगणात जाऊन बसतो. त्या मासळीच्या भावाविषयी बोलतात, मी यंदाच्या मोहोराविषयी बोलतो. ती गोष्ट त्यांना ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. दोघांनीही ती कधी उच्चारलेली नाही. चहा मात्र आता मी घेतो.

बाईंनी साठ वर्षे पूर्ण केली आहेत. त्यांना उत्तम प्रकृती व उदंड आयुष्य लाभावे, त्यांचे पाय बंदराचा उतार पुष्कळ वर्षे उतरत राहावेत, अशी शेडमधल्या सर्वांच्या वतीने मी इच्छा करतो. या इच्छेत माझा स्वार्थ आहे, हेही लपवीत नाही. सांगण्यासारखे काही मनात असूनही न सांगता ज्याच्याजवळ बसता येईल, असे या गावात मला एकच माणूस उरले आहे.