शूटिंग थांबल्यावरचा फोटो

आईचं कपाट आवरताना साड्यांखाली एक जुनं पाकीट सापडलं. आत सहा कृष्णधवल फोटो होते, आमच्या गावच्या स्टेशनात झालेल्या एका युद्धपटाच्या शूटिंगचे. गाडीच्या खिडक्यांतून जवान हात हलवतायत आणि फलाटावर गावातल्या बायका डोळ्यांना पदर लावून उभ्या आहेत. त्यांत तरुणपणीची आईही होती. शेवटच्या फोटोत मात्र शूटिंग थांबलेलं होतं. जवानांच्या वेशातले नट चहा पीत होते, बायका हसत होत्या आणि आई एकटीच रडत होती.

ती स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी फोटो तिच्यापुढे धरला.

"आई, हे रडणं खरं की खोटं?"

"रडा म्हणाले म्हणून रडले. मग थांबा म्हणाले, पण मला थांबताच येईना."

बाबा तेव्हा खरोखरच सरहद्दीवर होते. पुढे ते सुखरूप परतले.

"बाबांची आठवण आली होती का?"

"ते निघाले तेव्हा कुठं रडले होते मी? सासूबाई समोर होत्या ना."

खऱ्या निरोपाला कोरडे राहिलेले डोळे सिनेमातल्या गाडीपुढे भरून आले. त्या आसवांना काय म्हणावं, मला अजूनही कळत नाही.

"खिडकीतल्या त्या नटाला मी म्हटलं, जपून राहा हं," आई म्हणाली. "तर तो म्हणतो, वहिनी, मी इथंच उतरणार आहे."

"मग?"

"मग काय! जीव भांड्यात पडला बघ."