कडी वाजवणारे गुरुजी

आमच्या शाळेतले गुरुजी जनगणनेला निघाले की कुलूप दिसलं तरी चप्पल काढतात, तीनदा कडी वाजवतात आणि थांबतात. अर्धी वस्ती ऊसतोडीला गेलेली, त्यामुळे त्यांचा दिवस कुलपांपुढंच जातो.

माझ्या शेजारच्या दारापाशीही ते असेच उभे राहिले.

"गुरुजी, कावून थांबता? दोन्ही कोयते कारखान्याला गेलेत," मी म्हणालो. नवराबायको मिळून एक कोयता, अशी आमच्याकडं मोजदाद.

"कोयते मुकादम मोजतो. मला माणसं सांगा."

"कुणी न्हाई."

त्यांनी कडी वाजवली. आत कुणीतरी खोकलं.

"मागनं या," म्हातारीचा आवाज आला. "पुढचं दार सुनांनी लावलंय."

गुरुजींनी चप्पल हातात घेतली आणि मागं वळताना मला विचारलं, "तुमी इथंच राहता ना?"