एकाच मशीनवरचे दोन मजले

सावेडीत पहिल्या मजल्यावर माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. वरच्या मजल्यावर एक सर कॉम्प्युटरचे क्लास घेतात. मालकाने आम्हा दोघांना मिळून एकच एसी बसवून दिला होता. गच्चीवर मोठं मशीन, तिथून भिंतीतून उतरलेल्या तांब्याच्या नळ्या आणि प्रत्येक खोलीच्या छताला एक चौकोनी युनिट. हवा वाहून नेणारे पत्र्याचे डक्ट कुठेच नाहीत. नळ्यांतून नुसता गॅस फिरतो. थंडीत हेच युनिट खोली गरम करतं, म्हणून तर मी ही जागा घेतली होती.

त्या वर्षी डिसेंबरात काही दिवस ते गरमच होईना. सकाळी आठला मी हीट लावायचे, पण युनिटवर नुसता दिवा लुकलुकत राहायचा. राहुरीहून एक मावशी यायच्या, उजवा खांदा आखडलेला. त्या म्हणाल्या, "बाई, इथं आल्यावर हात आणखीच ताठतोय." मी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली आणि मनातल्या मनात वरच्या सरांना दोष दिला. माझ्या पेशंटच्या गाड्या जिन्यासमोर लागतात म्हणून ते एकदा बोलले होते. मला वाटलं, त्याचाच राग काढतायत.

असं लागोपाठ तिसऱ्या दिवशी झालं तेव्हा मी वर गेले. एवढ्या थंडीत, एसी चालू असूनही, सरांची खोली गरम आणि कोंदट होती. पंचवीस कॉम्प्युटर, तेवढीच मुलं, आणि खिडक्यांना धूळ येऊ नये म्हणून त्याच वर्षी प्लायवूड ठोकलेलं.

"सर, तुम्ही मशीनला काही केलंय का?" मी विचारलं.

त्यांनी रुमालाने मान पुसली. "मॅडम, मी तुम्हालाच विचारणार होतो. ज्या दिवशी तुम्ही माझ्याआधी येता, त्या दिवशी माझं कूलिंग चालत नाही."

दोघांनी मिळून मेकॅनिकला बोलावलं. बेलापूरकडचे, पन्नाशीचे गृहस्थ. गच्चीवर जाऊन आले आणि आमच्यासमोर जिन्यातच उभे राहिले.

"मशीनला काय बी झालेलं न्हाई. गॅस एकच हाय. उन्हाळ्यात तो खोलीतली उष्णता उचलून गच्चीवर टाकतो. थंडीत उलटा फिरतो, बाहेरची उष्णता आत आणतो."

"बाहेर एवढा गारठा, तिथे कसली उष्णता?" मी म्हटलं.

"गॅस त्या हवेपेक्षा बी गार असतोय मॅडम, म्हणून त्याला ती उष्णता घेता येती. पण एका वेळी एकच दिशा. जो आधी चालू करंल त्याचं मशीन ऐकतं, दुसरा नुसता दिवा लुकलुकवत थांबून राहतो. दोन्ही एकदम करणारी मशिनं येतात, पण त्यांच्या नळ्या वेगळ्या असतात. सगळं छत फोडावं लागंल."

मग ते वर क्लासमध्ये गेले, प्लायवूडवर बोटाने टकटक केलं आणि सरांना म्हणाले, "सर, बाहेर फुकट गार हवा पडलीय. एका खिडकीला जाळी लावा, दुसऱ्या खिडकीत एक्झॉस्ट फॅन. थंडीत तुमाला एसी लागायचाच न्हाई."

त्याच आठवड्यात प्लायवूड निघालं. थंडी सरेपर्यंत सकाळी हीट माझी, असं आम्ही ठरवलं. मावशींचा हात हळूहळू डोक्यापर्यंत जायला लागला.

फॅन बसवला त्या दिवशी सर खाली चहाला आले. मी त्यांना सांगून टाकलं, की मला तुमचा संशय आला होता. ते म्हणाले, "मी तर मालकाकडे तुमची तक्रारही केली होती."

दोन वर्षं आम्ही एकच जिना चढत होतो. त्या लुकलुकत्या दिव्याचा अर्थ मी कुणालाही विचारू शकले असते. त्याऐवजी मी तो अर्थ स्वतःच लावला, आणि तो लावायला मला एक क्षणही लागला नव्हता, याचंच अजून वाईट वाटतं.