दाढी माफीची चिठ्ठी

दोन हजार सालाच्या आसपास आमची प्लाटून नक्षल बंदोबस्तावर कुरखेड्याच्या पुढे जंगलात होती. तेंदूपत्त्याचं एक रिकामं गोदाम हाच कॅम्प. अठ्ठावीस माणसं. डांबरी रस्ता सात किलोमीटरवर. मी हवालदार. शिस्त माझ्याकडे.

५:०० ला उठणं, ५:३० ला दाढी, ६:०० ला फॉलइन, म्हणजे रांगेत हजेरी. फॉलइनला मी कापसाचा बोळा घेऊन रांगेतून फिरायचो. प्रत्येकाच्या गळ्यावरून हनुवटीकडे, खालून वर, तो फिरवायचा. कापसाची एक तार अडकली तरी त्या जवानाला संध्याकाळी नाल्यावरून पाण्याचे कॅन आणायची फटीग, म्हणजे शिक्षेची हमाली. ही तपासणी मला माझ्या उस्तादांनी शिकवली होती. मला तिचा अभिमान होता. त्या कापसाच्या धाकाने पोरं थंड पाण्यात, कातडी ताणून, जुन्या ब्लेडने उलटा हात दोन-दोनदा मारायची, हे मला दिसत होतं. चेहरे गुळगुळीत होते, तेवढं मला पुरत होतं.

जवान मडावी तिथल्याच एका जंगलातल्या गावचा. दाढी कुरळी. महिन्याभरात त्याच्या गळ्यावर लाल गाठी उठल्या. पोरं त्याला काटेसावर म्हणायची, त्या झाडाच्या बुंध्यावर असतात तसे काटे म्हणून. तोही हसायचा. हेल्मेटचा पट्टा नेमका तिथेच घासायचा. मडावी सेफ्टी पिनने गाठी कोरायचा. मी म्हणालो, मुरूम आहेत, नाटकं करू नकोस.

आमचा नर्सिंग असिस्टंट शेख. ब्रह्मपुरीचा. त्याच्या वडिलांचं तिथे सलून होतं, त्यामुळे दाढीतलं त्याला आमच्यापेक्षा जास्त कळायचं. त्याने मडावीचा गळा उजेडात धरून पाहिला आणि मला बाजूला घेतलं.

"हे मुरूम नाई, उस्ताद. केस आहे. उलटी दाढी केली का केस कातडीच्या आत कटते, मंग वाकडा होऊन आतच वाढते. पिन लावणं बंद करा. गरम पाण्याच्या फडक्यानं शेका, आन् पंधरा दिवस ब्लेड नाई. केस आपोआप वर येते."

त्याने दाढी माफीची चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी कंपनी कमांडर साहेबांचं इन्स्पेक्शन होतं. मी चिठ्ठी डाव्या खिशात घातली आणि बटण लावलं. मडावीला सांगितलं, उद्या गाल साफ पाहिजे.

इन्स्पेक्शन चांगलं झालं. साहेबांनी माझ्या प्लाटूनच्या टर्नआउटचं, टापटिपीचं कौतुक केलं. चिठ्ठी मग मी बाहेर काढलीच नाही. काढली असती तर तिच्यावरची तारीख दिसली असती.

तिसऱ्या दिवशी मडावी फॉलइनला आला नाही. अंगात ताप. जबड्यापासून कॉलरपर्यंत गळा सुजलेला. पाण्याचा घोट उतरत नव्हता. शेखने एकदाच हात लावून पाहिला आणि म्हणाला, आत्ताच हलवा, सूज आत उतरली तर श्वास अडकेल.

६:२० ला मी वायरलेस सेटवर बसलो.

"कंट्रोल, अल्फा. एक पेशंट, सीरियस. गाडी पाहिजे. ओव्हर."

"अल्फा, गाडी रोडवर ९:००. कच्चा रस्ता क्लिअर नाही. पेशंट रोडवर आणा. ओव्हर."

कच्च्या रस्त्यात सुरुंगाची शक्यता होती, म्हणून गाडी आत येणार नव्हती. दोन बांबू आणि ग्राउंडशीटची डोली केली. रस्ता सोडून जंगलातून निघालो. पुढचं डावं टोक मी धरलं आणि शेवटपर्यंत बदली घेतली नाही. शेख बाजूने चालत मडावीचे ओठ ओले करत होता. नाल्यात उतरलो तेव्हा मडावीने डोळे उघडले.

"उस्ताद, कापूस आनला का?"

सगळे हसले. मी सोडून.

९:२५ ला गाडी मिळाली. बाराच्या आत ब्रह्मपुरी. डॉक्टरांनी गळू फोडलं. पुवाबरोबर गुंडाळी झालेला एक केस निघाला, पाऊण इंचाचा. एवढ्याशा केसाने माणूस जात होता. डॉक्टरांनी विचारलं, अशा गळ्यावर दाढी कोणी करायला लावली? माफी दिली नव्हती का?

मी म्हणालो, "चिठ्ठी आली नव्हती, सर."

शेख दारात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग मडावीच्या खाटेकडे गेला. पुढे, चिठ्ठी दिली नाही म्हणून, लेखी वॉर्निंग त्याला मिळाली.

चौथ्या दिवशी मडावी भात खायला लागला. त्या संध्याकाळी शेखने मला वडिलांच्या सलूनमध्ये नेलं. खरं तर त्याला माझ्याशी बोलायचंही कारण नव्हतं. त्याच्या वडिलांनी, चाचांनी, मला खुर्चीत बसवलं, गरम फडकं ठेवलं आणि गालावरून बोट फिरवून केस कुठल्या बाजूला झुकतात ते दाखवलं. "त्याच बाजूनं चालवा. नवा ब्लेड, हलका हात, कातडी तानू नका. थोडी खुंटं राहू द्या. काय बिघडते?"

कॅम्पवर परतल्यावर कापूस मी चुलीत टाकला. सकाळी दाढीसाठी गरम पाणी सुरू केलं. आमच्या प्लाटूनमध्ये पुन्हा कुणाचा गळा पिकला नाही.

चार महिन्यांनी रोड ओपनिंगच्या वेळी, रस्ता सुरुंगांसाठी तपासताना, स्फोट झाला. एक जवान पडला होता. शेख बॅग घेऊन त्याच्याकडे धावला. दुसरा स्फोट तिथे झाला. शेख जागीच गेला. वेळ ७:५०.

चिठ्ठीबद्दल मी त्याच्याशी एक शब्दही बोललो नव्हतो.

मागच्या वर्षी, रिटायर झाल्यावर, मी मडावीच्या घरी गेलो. आता त्याला दाढी आहे, कात्रीने कापलेली. जपून ठेवलेली ती चिठ्ठी मी त्याच्यासमोर ठेवली. त्याने ती हातातसुद्धा घेतली नाही.

"मले मालूम होतं, उस्ताद. शेखनं दवाखान्यातच सांगतलं. म्हने, हवालदाराले बोलू नको, तो सोताच बोलन." मग म्हणाला, "लय टाइम लावला तुम्ही."

मी त्याच्या अंगणात जेवायला बसलो. पोटभर जेवलो. इतक्या वर्षांत अन्नाला चव लागली ती त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ब्रह्मपुरीला गेलो. चाचा आता थकलेत, सलून धाकटा मुलगा चालवतो. आरशावर शेखचा वर्दीतला फोटो आहे. मी चाचांना सगळं सांगितलं. वॉर्निंगचंही. त्यांनी चष्मा शोधला, सापडला नाही. म्हणाले, वाचून दाखव.

मी उभा राहून वाचलं. जवान मडावी. दाढी माफ, पंधरा दिवस. खाली शेखची सही.

चिठ्ठी आता त्या फोटोखाली लावलेली आहे. घड्यांवर फाटली आहे. सही अजून स्पष्ट दिसते.