न घासलेली चौथी बाजू

मथुरा हुबळीच्या कमरीपेठेत, मोटार वाइंडिंगच्या दुकानात तीस वर्षं काम करते. पंखे, पंप, मिक्सर, जळालेलं काहीही तिच्या पुढ्यात येतं. ती त्यातली काळी पडलेली तार उपसते आणि नवी भरते. नवरा लवकर गेल्यावर मालकानं तिला दुकान झाडायला ठेवलं होतं. झाडता झाडता शेजारच्या माणसाचे हात पाहून ती काम शिकली. शिकवलं कुणी नाही.

माझ्या यजमानांना हौशी रेडिओचा छंद होता. लायसन्स काढलेलं, संच स्वतः घरी बांधायचे. कॉईलसाठी शोधत शोधत ते मथुरापर्यंत पोचले. म्हणायचे, "तार सगळेच गुंडाळतात. टोक करावं मथुरानंच."

टोक करणं म्हणजे काय, हे मला तिच्याकडूनच कळलं. त्या तांब्याच्या तारेवर लाखेसारखा पातळ थर असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, तार उघडीच वाटते. तशीच डाग देऊन जोडली तर कथील वरवर बसतं, चकाकतं, पण आतून वीज जात नाही. म्हणून टोक आधी लायटरच्या ज्योतीत धरायचं आणि थर काळा पडला की पॉलिश पेपरच्या घडीतून ओढायचं. मथुरा एक बाजू ओढली की तार चिमटीत पाव वळसा फिरवायची आणि मोजायची, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु." घरी मराठी बोलणारी बाई, पण हाताची मोजणी कानडीत. चारी बाजू गुलाबी दिसल्या की राळ, मग कथील.

"अगं, किती घासशील? तारच संपेल," हे चिडवायचे.

"अण्णा, तुमचं बोलणं देशभर जाणार. माझ्या टोकात अडकलं तर शिव्या मलाच की!"

सहा वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात तिच्या कॉईलचा नवा छोटा संच घेऊन हे अळणावर गावाच्या पुढच्या एका टेकडीवर गेले. तिथं मोबाईल लागत नाही. अकरा वाजता ते ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर बोलणार आणि मी घरच्या रिसीव्हरवर ऐकणार, एवढं ठरलं होतं. दुपारी एका गुराख्याला ते झाडाला टेकून बसलेले दिसले. हृदय थांबलं होतं. संच चालू होता, माईक मांडीवर होता.

अकराला काही आलं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. दहाव्याला त्यांचे रेडिओवाले मित्र आले होते. त्यांतला एक सहज म्हणाला, "कॉईलचा जोड सुटला असेल." दाराशी मथुरा बसली होती.

त्या दिवसापासून तिला टोक सोडवेना. चारच्या जागी दहा वेळा घासायची, बारीक तारा तुटायच्या, मालक ओरडायचा. दुरुस्त झालेला पंखा चालवून पाहिला की घरघरीतून अण्णा बोलतात, असं तिनं मला सांगितलं. "शब्द कळत नाहीत, अक्का. पंखा बंद केला तरी बोलणं थांबत नाही." तिच्या मुलीनं, उत्तरानं, कान तपासून घेतले. कानात दोष नव्हता.

दर डिसेंबरात त्या तारखेला मथुरा धारवाडला माझ्याकडे येई आणि संच ठेवलेल्या कपाटाकडे बघत बसे. एकदा बोलली, "अण्णांच्या कॉईलचं टोक करत होते, त्याच दिवशी उत्तराची नर्सिंगची सीट लागली. पोरगी नाचत दुकानात आली. मी मूरु म्हटलं आणि टोक कथलात बुडवलं. नाल्कु म्हटलंच नाही."

मी तिला चहा दिला.

या खेपेला ती हत्यारांची पिशवी घेऊनच आली. "उघडूया. टोक खराब निघालं तर उद्यापासून तारेला हात लावणार नाही. मालकाला सांगून आले आहे."

जेवणाच्या टेबलावर तिनं संच उघडला. मीटरच्या दोन सुया जोडाच्या दोन्ही अंगांना लावल्या. मीटर वाजलं, म्हणजे जोडातून वीज जात होती.

"वाजलं की गं!"

"आज वाजलं. त्या दिवशीचं मीटरला काय ठाऊक?"

तिनं डाग द्यायचा कावीया तापवून जोड सोडवला, टोक पुसलं आणि माझ्या वाचायच्या भिंगाखाली धरलं. तीन बाजू चंदेरी होत्या. चौथीवर जिऱ्याएवढी तपकिरी रेघ राहिली होती.

"बघा. मीच."

"पण तीन बाजूंनी तर धरलं होतं, मथुरा."

"असला जोड हलला की सुटतो. टेकडी चढताना हलला. अण्णा ओरडत बसले असतील, आणि माझ्या टोकात…"

"सुटला नव्हता," मी म्हटलं. "ते बोलले. मी ऐकलं."

मी त्या वर्षाची डायरी आणली आणि पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. मथुरा बोट ठेवून सावकाश वाचते. '१०.४५. ह्यांचा आवाज, स्पष्ट. भारती व तिच्या सासरची मंडळी बसलेली. वेळ झाली नसल्याने आवाज कमी केला. ११.०० ला काही नाही.'

रिसीव्हरमधून त्यांनी मला नावानं हाक मारली होती. मी घड्याळ पाहिलं, अजून पंधरा मिनिटं होती. ठरल्या वेळेआधी काही करायचं नाही, ही कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर्सची शिस्त माझ्या अंगात मुरलेली. हे नेहमीच घाई करतात, असं लेकीच्या सासरच्या पाहुण्यांना हसून सांगत मी बटण फिरवलं.

मथुरानं ते पान दोनदा वाचलं.

"सहा वर्षं, अक्का."

"हो."

"मी इथंच बसत होते. या खुर्चीवर."

तिनं पॉलिश पेपर घेतला, ती रेघ एका ओढीत काढली, कथील चढवलं, जोड दिला आणि स्क्रू आवळले. मोजलं नाही. चहाला हात लावला नाही.

चपला घालताना म्हणाली, "उद्या कामावर जाते." एवढं बोलून जाईल असं वाटलं. पण ती जिन्यावरून वळली.

"आवाज कसा होता अण्णांचा? घाबरलेला?"

ते कळण्याएवढं मी ऐकलंच नव्हतं. दुसऱ्या हाकेच्या मध्येच मी बटण फिरवलं होतं.