डॉक्टरीणबाईंना डावा हात कसा द्यायचा?

आमच्या मुळशीत धरणाच्या पाण्यापेक्षा जास्त काही भरून वाहत असेल, तर ती माझ्या धाकट्या दिराची फुशारकी. मी लग्न होऊन घोटावड्यात आले तेव्हा तो शेंबडं पोर होता, म्हणून मी त्याला अजून अरे-तुरेच करते. पुढे तो लग्नाचा आचारी झाला. पिरंगुटापासून माणपर्यंत त्याच्या हातच्या वांग्याच्या रश्श्याशिवाय एकही मांडव उठत नाही, असं त्याचं म्हणणं. दोनशे माणसांची पंगत तो घरी पोचेपर्यंत हजाराची व्हायची. एकदा लंगडत आला आणि म्हणाला, "वयनी, भाताचा टोप आज येकट्यानं उतरवला. चार गडी नुसते बघत उभे!" मी म्हटलं, "मग पायावर फोड कशाचे?" तर म्हणतो, "टोपच घाबरला मला, हिसळला!" उंबऱ्यात उभा राहून नुसत्या वासावर माझ्या आमटीत मीठ कमी आहे म्हणून सांगायचा. ते खरं निघायचं, म्हणून आणखीच राग यायचा.

दोन वर्षांपूर्वी सूसच्या एका लग्नात कांदा चिरता चिरता त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय फरपटू लागला, हात लोंबू लागला, आचारीपण संपलं. फुशारकी मात्र दुप्पट झाली. कोणी विचारलं, "कसं काय, बरं हाय का?" की हा म्हणणार, "बरं? आता उजव्या हातात दोघांचं बळ आलंय!" दोघांचं बळ घेऊन हा ओट्यावर बसायचा आणि माझी जाऊ कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासायची. तिच्या कंबरेत उसण भरली की घर थांबायचं. सरकारी पेन्शन मिळेल असं कळलं, पण त्याला अपंगत्वाचा दाखला लागतो, तोही चाळीस टक्क्यांच्या वरचा.

तपासणीला जायचं तर हा मुलगी बघायला निघाल्यासारखा सजला. दाढी घोटून, कडक टोपी घालून, डावा हात खिशात खोचून. दवाखान्यात बाकीचे कण्हत बसलेले, आणि हा त्यांना कोणत्या लग्नात किती बुंदी पाडली ते सांगतोय. आत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, डावा हात द्या." याने उजवा दिला. "डावा, काका." पुन्हा उजवाच. दार उघडं होतं, मला बाहेर सगळं ऐकू येत होतं. "डावा कसा द्यायचा, बाई? तुमी डॉक्टर. जल्मात कुणाला डाव्या हातानं वाढलं न्हाई मी." "बरं, माझा हात दाबा." याने उजव्याने असा दाबला की बाई ओरडल्या. "वजन किती उचलता?" "दोन पोती!"

बाहेर आला तो पंगत जिंकल्यासारखा. "वयनी, तीसच टक्के बिघडलोय म्हणं. सत्तर शिल्लक हाय!" जावेने खाडा करून आणलं होतं त्याला. ती तिथेच जिन्यावर खाली बसली.

पुन्हा अर्ज केला. फेरतपासणीला मी स्वतः आत गेले. आधीच सांगून ठेवलं, "तोंड उघडलंस तर उजवाबी मीच मोडीन." याने पुन्हा उजवा पुढे केला. मी त्याचा डावा हात खिशातून काढला आणि बाईंच्या टेबलावर ठेवला. वाळल्या दोडक्यासारखा हलका लागला. बाई म्हणाल्या, "बोटं मिटा." मिटेनात. तो त्या हाताकडे परक्याच्या घरात आल्यासारखा बघत राहिला. "शर्टाची बटणं लावता?" त्याने छाती फुगवली. मी डोळे वटारले. छाती खाली गेली. "न्हाई. बायकू लावती." "भाकरी मोडता?" "तीबी तीच मोडून देती."

दाखला आला. साठ टक्के. गडी हवेत! "घोटावड्यात साठाच्या वर कुणी हाय का, दाखवा!" वाण्याला सांगून झालं, कंपनीत कामाला आलेल्या भाडेकरू पोरांना हिंदीतून सांगून झालं. पेन्शन लागणार म्हणून जावेने शिरा केला. तो ढवळताना ती चुकतेय हे त्याने ओट्यावरून तीनदा ओरडून सांगितलं.

मग म्हणाला, "वयनी, वाच की सगळा." मी चौथीपर्यंत शिकलेली, बोट ठेवून वाचते. नाव वाचलं, वय वाचलं, डावं अंग, साठ टक्के. शेवटी लिहिलं होतं, कायमस्वरूपी.

"म्हंजी?"

"म्हंजी परत तपासायला जायचं न्हाई."

"बरं झालं बाई, हेलपाटं वाचलं," जाऊ म्हणाली.

त्याने चमचा खाली ठेवला. शिऱ्याची बशी मांडीवर तशीच. मग हळूच म्हणाला, "म्हंजी त्यान्ला वाटत न्हाई व्हय, ह्यो हात परत येईल असं?"

मी कोणाचीही भीड न धरता तोंडावर सांगणारी बाई. पण तेव्हा मी पुढे आणखी काही लिहिलंय का, ते बोट ठेवून शोधत बसले. खाली नुसता शिक्का होता.