मजकूर लिहू नये

चष्म्याच्या दुकानात दोन माणसं लागतात. पुढे उभा राहून गिऱ्हाइकापुढे आरसा धरणारा एक, आणि मागच्या खोलीत भिंगं घासून फ्रेममध्ये बसवणारा दुसरा. आपला माणूस हा दुसरा. पुढच्याला गिऱ्हाइकाचं तोंड दिसतं, ह्याला नुसता नंबर. सगळी उमर त्या खोलीत गेली, अर्ध्या शहराचे डोळे त्याच्या हाताखालून गेले, पण रस्त्यात त्याला कुणी ओळखत नसे. त्याची त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार करायची तर कुणाशी तरी बोलावं लागतं, आणि तिथंच सगळं अडत होतं.

लग्न राहून गेलं. कुणी मनावर घेतलं नाही, त्यानं तर मुळीच नाही. थोरली बहीण दुसऱ्या शहरात होती. ती रविवारी फोन करी आणि त्याच्या वाटचंही आपणच बोलून घेई. "लोकांना पोरंबाळं होतात, ह्याला शिक्के झाले," हे ताईचं ठरलेलं वाक्य.

शिक्के म्हणजे टपालाचे. पूर्वी रेल्वे आपली चित्रकार्डं विकायची. एका बाजूला इंजिन, पूल नाहीतर एखादं स्टेशन, मागे पत्ता आणि मजकूर. असली जुनी कार्डं तो रद्दीवाल्यांकडे मांडी ठोकून शोधत बसे. चित्राकडे ढुंकूनही न बघता कार्ड उलटं करी. शिक्का नीट उठलेला असला की कार्ड परत गठ्ठ्यात. ह्याला हवे ते चुकलेले शिक्के. घाईत दोनदा मारलेला, धावत्या टपालडब्यात हात हलून फरफटलेला, तारखेचा आकडा उलटा बसलेला. एका कार्डावर तर फेब्रुवारीची तीस तारीख होती. त्या कार्डावर त्याचा भारी जीव.

"ह्या दिवशी कुणी जन्मलं नाही की कुणी गेलं नाही," असं तो कौतुकानं ताईला सांगे.

"तू जेवलास का?" ताई विचारी.

ह्या नादातूनच त्याला त्याचा एकुलता एक स्नेही मिळाला. संग्राहकांचं एक चार पानी मासिक निघायचं, त्यात एका निवृत्त सिग्नलमनची जाहिरात होती. न वापरलेल्या जुन्या रेल्वेकार्डांचा गठ्ठा आपल्याकडे आहे, बंद पडायला आलेल्या आडस्टेशनांवरून ती टपालात टाकून पाठवू, तुम्हीही तुमच्या बाजूनं पाठवा. खाली अट होती : कार्डावर मजकूर लिहू नये, शिक्का स्वच्छ हवा.

मजकुराची अट त्याला मनापासून आवडली. न बोलता दोस्ती करायची अट तो जन्मभर पाळायला तयार होता, आणि बरीच वर्षं त्यानं ती पाळलीही. सिग्नलमनचं कार्ड यायचं ते कोरं. उजवीकडे पत्ता, छापल्यासारखं ताठ अक्षर, वर शिक्का, बाकी सगळं रिकामं. ह्याचंही जायचं ते तसंच, फक्त कोपऱ्यात आपल्या पत्त्याचा रबरी छाप मारलेला. कोऱ्या जागेवरून तो समोरच्याचा अंदाज बांधी. शिक्का फुटलेला असला तर तिकडं पाऊस असणार. एकाच मार्गावरची कार्डं लागोपाठ आली तर त्या मार्गाची गाडी बंद होणार, आणि हा गडी शेवटचा निरोप द्यायला एकटाच हिंडत असणार. 'एकटाच' हे त्यानं आपल्या मनानंच धरलं होतं.

मग एकदा कार्ड आलं आणि त्याचं शिक्क्याकडे लक्षच गेलं नाही. पत्त्याच्या ओळी उतरणीला लागल्या होत्या. ताठ अक्षरं एकमेकांच्या अंगावर रेलली होती, घराचा आकडा दोनदा गिरवलेला होता. भिंगं घासणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार? ह्याचा नंबर वाढलाय, आणि चष्मा जुनाच आहे, असं त्यानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी दुकानातून त्यानं एक काळी, दणकट फ्रेम बाजूला काढली आणि आपल्या खणात ठेवली. कानाला रुतणार नाही अशी निवडली होती. घरी आल्यावर एक कोरं कार्ड घेतलं, पत्ता घातला, बराच वेळ पेन हातात धरून बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा अट मोडली.

'अक्षर उतरतंय. डोळ्यांना त्रास होतो का? प्रकृती कशी आहे? नंबर कळवा, चष्मा करून पाठवतो.'

टपालपेटीत कार्ड पडल्याचा आवाज आला आणि तो मागं न बघता घरी आला.

उत्तर आलं नाही. कोरं कार्डही आलं नाही. पहिल्यांदा त्यानं टपालाला दोष दिला, मग सिग्नलमनच्या डोळ्यांना, आणि शेवटी सगळा दोष आपल्या माथी घेतला. त्या माणसानं एकच गोष्ट मागितली होती, आणि आपण मध्येच तोंड खुपसलं. वर डोळे अधू झाल्याचं त्याला त्याच्याच कार्डावरून दाखवून दिलं. कुठल्याही भल्या माणसाला राग येईल. माफी मागावी म्हणून एक कार्ड त्यानं पुढ्यात ओढलंसुद्धा, पण माफी म्हणजे पुन्हा मजकूरच. कार्ड परत कोऱ्या गठ्ठ्यात गेलं.

ताईला त्याच्या आवाजावरून कळलं. "अरे, मग फोन कर की त्याला."

"नंबर नाही."

"इतक्या वर्षांत नंबर घेतला नाहीस?"

"तसा विषय निघाला नाही."

"विषय कसला निघतोय. तुम्ही दोघं म्हणजे कमालच आहात. मग जाऊन ये."

"न कळवता कसं जाणार?"

"मग कळव."

"कळवायचं तर लिहायला लागेल, ताई."

ताईनं फोनवरच कपाळाला हात लावला असणार. पण ह्याच्या जिवाला घोर लागला होता तो खरा होता. पोस्टमन येण्याच्या वेळेला तो दुकानाच्या सोमवारच्या सुट्टीला जिन्यात जाऊन उभा राही, आणि पोस्टमन नुसती मान हलवून पुढं जाई.

असाच एका सुट्टीला पोस्टमन जिन्याखालूनच हसत आला. ह्याचं खूळ त्याला ठाऊक होतं.

"काका, आज तुमच्या कामाची चीज आणलीय. शिक्केच शिक्के. एक तर उलटा बसलाय, बघा."

ह्यानं कार्ड घेतलं. अक्षर त्याचंच होतं. त्याच्या चारही वाक्यांवरून लाल शाईचा 'पाठवणाऱ्यास परत' असा चौकोनी शिक्का आडवा गेला होता. तिकडच्या टपालघराचा गोल शिक्का उलटा उठला होता. आणि पत्त्याशेजारी कुणीतरी निळ्या पेनानं लिहिलं होतं, 'घेणारा मयत'.

पोस्टमननं तेवढं वाचलं नसावं. तो कौतुकाची वाट बघत उभा होता.

"चांगला उठलाय," हा म्हणाला.

"शिक्क्यांच्या वहीत जागा आहे ना?"

"आहे."

पोस्टमन गेला. हा जिन्यातच बसला. पहिल्यांदा त्याला सुटल्यासारखं वाटलं. सिग्नलमन रागावला नव्हता. रागवायला त्यानं वाचलंच नव्हतं. आपल्याला हे असं बरं वाटतंय हे लक्षात आलं तेव्हा त्याला स्वतःची लाज वाटली, आणि मग रडू आलं. मजकूर वाचलाच नव्हता, म्हणजे आपली कुणीतरी विचारपूस केली हेही त्या माणसाला कळलं नव्हतं. सांत्वनाला जावं तर घरात कोण आहे, कुणी आहे का, हे माहीत नाही. तो चहा घ्यायचा की नाही, तेवढंही माहीत नाही.

संध्याकाळी त्यानं वही काढली. सिग्नलमनची सगळी कार्डं एकापाठोपाठ लावलेली होती. त्यांच्या शेवटी त्यानं हे कार्ड लावलं. इतक्या पानांत मजकुराचं कार्ड हे एकच, आणि तोही मजकूर आपलाच.

दुसऱ्या दिवशी मालक मागच्या खोलीत भिंगांचं पुडकं शोधायला आले. खण उघडला तर काळी फ्रेम.

"ही कुणाची? किती दिवस पडलीय. काचा का नाही बसवल्या?"

"नंबर आला नाही."

"मग पुढे ठेवू का विकायला?"

तो भिंग घासायचं थांबला नाही. "नको. गिऱ्हाईक ओळखीचं आहे," तो म्हणाला.